मशीनवर रुपये दिसले आणि मी हो म्हटलं

मे २०२४ मध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, वन्सं आणि भावोजी, प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट असे अकरा दिवस फिरून आलो, टूर कंपनी न घेता सगळं आपलं आपण बुक करून. फोटो आणि जेवणाखाण्याचं यावर मी आधी लिहिलंय, आज लिहायचंय ते क्रेडिट कार्डाबद्दल. परत आल्यावर चौदा जूनला स्टेटमेंट आलं आणि ते मी प्रिंट काढून पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलावर दोन तास बघत बसले होते. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत एकवीस वर्षं नोकरी करते, व्याज लावणं, खतावणी जुळवणं हेच रोजचं काम, त्यामुळे आकडे न जुळता मला झोप लागत नाही. आणि इथे आकडे जुळत नव्हते. मी रोज रात्री डायरीत लिहिलेला खर्च आणि बँकेने लावलेला खर्च यात जवळजवळ दहा हजाराचा फरक येत होता.

मग कळलं की प्रत्येक खर्चाच्या खाली दोन बारीक ओळी आहेत. एक फॉरेन करन्सी ट्रान्झॅक्शन फी, दुसरी त्या फीवरचा जीएसटी. प्रागच्या ट्रामचं तिकीट चाळीस कोरुनाचं (कोरुना हे तिथलं चलन), म्हणजे साधारण १४५ रुपये, त्याखाली पाच रुपये आठ पैसे फी आणि ९१ पैसे जीएसटी. हॉटेलचं बिल, त्याखाली फी आणि जीएसटी. त्रेसष्ट व्यवहार आणि प्रत्येकाच्या पायाशी या दोन ओळी, म्हणजे नुसत्या फीच्याच एकशे सव्वीस ओळी. एकेक ओळ बघितली तर काहीच वाटत नाही, पाच रुपये, बावीस रुपये, नव्वद रुपये. सगळ्या ओळींची बेरीज मारली तेव्हा परदेशी चलनातला माझा खर्च २,४१,३०० रुपये होता आणि त्यावर फी ८,४४५ रुपये आणि जीएसटी १,५२० रुपये. एकूण ९,९६५. एवढ्या पैशात व्हिएन्नात आणखी एक रात्र राहता आलं असतं.

हिशोब काही अवघड नाही, पण कोणी आधी सांगत नाही म्हणून इथे मांडते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांना परदेशी चलनातल्या व्यवहारावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे तीच वरची फी, असतो. त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन गुणिले १.१८, बरोबर ४.१३ टक्के. एक लाख खर्च केलात की ४,१३० रुपये गेले. महागड्या, मोठी वार्षिक फी असलेल्या कार्डांना हा मार्कअप दोन टक्क्यांच्या आसपास असतो, तो जीएसटी धरून २.३६ होतो. आणि हा मार्कअप कशावर लागतो, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डने त्या दिवशी कोरुना-रुपयाचा जो रेट लावला त्या रकमेवर. तो रेट तसा चांगला असतो, बाजारातल्या रेटच्या अगदी जवळचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही कंपन्यांच्या वेबसाईटवर कॅल्क्युलेटर आहे, तारीख टाका, चलन टाका, बँकेची फी किती टक्के ते टाका, तो आकडा दाखवतो. मी नंतर माझे वीसेक व्यवहार त्यात टाकून बघितले, जुळले. फक्त एक लक्षात ठेवा, रेट कार्ड टॅप केल्याच्या दिवसाचा लागेलच असं नाही, बऱ्याचदा व्यवहार सेटल, म्हणजे बँकेकडे पक्का, होतो त्या दिवसाचा लागतो, तो एक-दोन दिवसांनी होतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं.

आता मूळ गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला घेतलं. आमच्या ऑफिसातल्या एकाने जायच्या आधी मला मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं की तिकडे मशीनवर रुपये असा ऑप्शन येतो, तोच निवडा म्हणजे मार्कअप लागत नाही. तो स्वतः दुबईला जाऊन आलेला. मी ते मनात धरून ठेवलं.

प्रागमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही किल्ल्यावरून उतरून माला स्ट्रानात आलो, पाय दुखत होते, पहिलं जे हॉटेल दिसलं त्यात बसलो. आम्ही चौघंही शाकाहारी, तिकडे शाकाहाऱ्याला हमखास मिळणारी गोष्ट म्हणजे तळलेलं चीज, बरोबर उकडलेले बटाटे, सूप, भावोजींनी दोन बियर घेतल्या, शेवटी सगळ्यांनी आईस्क्रीम. बिल झालं ४,३६० कोरुना. किल्ल्याच्या पायथ्याची जागा, महाग असणारच. अर्धं आम्ही, अर्धं वन्सं, असं ठरलेलं, म्हणजे प्रत्येकी २,१८०. वेटर छोटं मशीन घेऊन आला, माझं कार्ड लावलं, आणि स्क्रीनवर दोन आकडे आले. वर कोरुना २,१८०, खाली रुपये ८,३९३. त्या परक्या गावात, दोन दिवस कोरुनाला साडेतीनने गुणत फिरल्यावर, स्क्रीनवर आपला रुपया बघून मला इतकं बरं वाटलं की मी लगेच रुपयांवर बोट ठेवलं. वेटरही हसला, थँक यू म्हणाला. स्लिप आली, मी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मग तेच मशीन वन्संपुढे गेलं. त्यांनी कार्ड काढलं तर त्या कार्डावर एक पांढरं स्टिकर चिकटवलेलं, शाळेच्या वहीवर लावतो तसलं, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, ‘लोकल’. मी विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, "अगं वहिनी, मी घाईत विसरते म्हणून लिहून ठेवलंय. मशीन रुपये दाखवतं ना, ते घ्यायचं नाही. तू रुपये दाबलंस का?" मी म्हटलं हो. वन्सं काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा मला कळला.

एकाच टेबलावर, एकाच मिनिटात, सारख्याच रकमेचे दोन व्यवहार, दोन वेगळ्या कार्डांवर. घरी आल्यावर दोघींनी स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवली. वन्संच्या कार्डाला मार्कअप शून्य आहे, त्यांना पडले ७,९१३ रुपये. मला मशीनने ८,३९३ लावले, म्हणजे कोरुनाचा रेट ३.६३ ऐवजी ३.८५ धरला, सहा टक्के जास्त. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण माझ्या बँकेने त्यावर आणखी एक टक्का लावला, का तर व्यवहार रुपयात असला तरी दुकान परदेशातलं आहे. तो ८४ रुपये, त्यावर जीएसटी पंधरा. एकूण ८,४९२. मी रुपये न दाबता कोरुनातच दिले असते तर माझ्या त्याच साडेतीन टक्केवाल्या कार्डावरसुद्धा ८,२४० पडले असते. म्हणजे ऑफिसातल्या त्या सल्ल्याने एका जेवणात अडीचशे रुपये जास्त घेतले, आणि वन्संशी तुलना केली तर ५७९. ज्याने सांगितलं त्याच्यावर माझा राग नाही, त्याला खरंच तसं वाटत होतं, त्याने स्टेटमेंट कधी उघडून बघितलेलंच नव्हतं.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, सगळे डीसीसी म्हणतात. यात तुमच्या बँकेचा किंवा व्हिसाचा रेट लागत नाही, मशीनवाली कंपनी आणि दुकानाची बँक मिळून स्वतःचा रेट लावतात आणि वरचा नफा आपसात वाटून घेतात, दुकानालाही त्यातला हिस्सा मिळतो. म्हणून तर काही ठिकाणी वेटर न विचारताच बटण दाबून मोकळा होतो. पण ग्राहकाला विचारलंच पाहिजे असा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे. निवड तुमची आहे. मी पर्समधली ती स्लिप नंतर नीट वाचली, त्यावर रेट छापलेला होता, मार्जिनही छापलेलं होतं आणि खाली इंग्रजीत असं वाक्य होतं की मला चलन निवडायची संधी दिली गेली आणि माझा निर्णय अंतिम आहे. सगळं लिहिलेलं होतं, फक्त पैसे दिल्यानंतर हातात आलं.

त्यानंतर बुडापेस्टला एका कॅफेत तसंच झालं, मुलीने मशीन स्वतःच्या हातात धरून काहीतरी दाबलं आणि मग माझ्याकडे दिलं, स्क्रीनवर फक्त रुपये. आता मला माहीत होतं. मी म्हटलं, नो रुपीज, फोरिंट प्लीज, कॅन्सल. तिने काही कटकट केली नाही, लाल बटण दाबलं, परत रक्कम टाकली, यावेळी फोरिंट. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. आणि समजा व्यवहार पूर्ण होऊन स्लिप आली असेल तरी तिथल्या तिथे व्हॉईड, म्हणजे रद्द, करा आणि परत लोकल करन्सीत करा म्हणून सांगता येतं, हॉटेलबाहेर पडलात की मग अवघड. आपल्याला मागे लोक उभे असले की संकोच वाटतो, इंग्रजी अडखळतं, जाऊ दे म्हणून सोडून देतो. सोडू नका. चार शब्द पुरतात.

आता फॉरेक्स कार्डाबद्दल, कारण बरेच जण म्हणतील की फॉरेक्स कार्ड का नाही घेतलं. घेतलं होतं. ह्यांनी साताऱ्यातूनच पंधराशे युरो भरून कार्ड घेतलं, आम्हाला वाटलं युरोपला चाललोय तर युरो, झालं. पण प्रागमध्ये कोरुना चालतो आणि बुडापेस्टमध्ये फोरिंट. चेक रिपब्लिक आणि हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आहेत पण युरो वापरत नाहीत. आमच्या तीन शहरांपैकी फक्त व्हिएन्नात युरो. मग युरो भरलेलं कार्ड प्रागमध्ये वापरलं की युरोचे कोरुना होताना क्रॉस करन्सी चार्ज, आमच्या कार्डाला दोन टक्के आणि वर जीएसटी. कार्ड मल्टिकरन्सी होतं, डॉलर, पाऊंड, येन, दिरहाम सगळे कप्पे होते, कोरुना आणि फोरिंट मात्र त्या यादीत नव्हते. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांचंही असंच होतं, तिथे फ्रँक चालतो, आणि आपल्याकडची अर्धी माणसं पॅरिस-स्विस एकत्रच करतात, तर युरोबरोबर फ्रँकचा कप्पाही भरून घ्या.

आणि दुसरं, फॉरेक्स कार्ड विकताना झिरो मार्कअप म्हणतात, ते वापरताना झिरो असतं. भरताना काय रेट लावला ते बघा. त्या दिवशी युरोचा बाजारातला रेट ९० रुपये ३० पैसे होता, आम्हाला दिला ९२ रुपये १० पैसे. पंधराशे युरोवर २,७०० रुपये तिथेच गेले, सातारा सोडायच्या आधी. हे फीच्या रकान्यात कुठेच दिसत नाही कारण ते रेटमध्ये मुरलेलं असतं. मला हे तेव्हा कळायला हवं होतं, पण घाई होती, व्हिसा नुकता आलेला, बॅगा भरायच्या, कागदावर सही केली. चार ठिकाणी रेट विचारला असता तर पन्नास-साठ पैसे नक्की कमी झाले असते, घासाघीस चालते तिथे. उरलेले युरो परत रुपयात करताना पुन्हा कमी रेट. म्हणून अंदाजाने जास्तीचं भरू नका.

कॅशचं थोडक्यात. नोटा एका ट्रिपला तीन हजार डॉलरपर्यंत नेता येतात, तेवढी गरज कोणालाच पडत नाही. आम्ही दोनशे युरो नेले, व्हिएन्नात एकदोन ठिकाणी कामी आले. प्रागमध्ये चलन बदलून देणाऱ्या दुकानांवर शून्य टक्के कमिशनच्या पाट्या आहेत, रेट मात्र काहीही. तिथे २०१९ पासून एक चांगला कायदा आहे, दुकानातून पैसे बदलून घेतले आणि रेट वाईट वाटला तर पावती दाखवून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, हजार युरोपर्यंत. आम्हाला ते लॉजच्या काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. असा कायदा कार्डाच्या मशीनला असता तर किती बरं झालं असतं असं मला राहून राहून वाटतं.

क्रेडिट कार्डावर एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, हे मी ठामपणे सांगते. ह्यांनी एकदाच काढले, चार हजार कोरुना, साधारण साडेचौदा हजार रुपये, कारण त्या दिवशी एका बाजारात कार्ड घेत नव्हते. त्यावर कॅश ॲडव्हान्स फी अडीच टक्के पण कमीत कमी पाचशे, म्हणून पाचशे, त्यावर जीएसटी नव्वद, मग नेहमीचा मार्कअप आणि जीएसटी मिळून सहाशे. झाले ११९०. त्या एटीएमने स्वतःची फी घेतली ती वेगळी. आणि कॅशवर व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, बिलाच्या तारखेपर्यंतची ती बिनव्याजी मुदत कॅशला नसते. एटीएमसुद्धा डीसीसी विचारतं, विथ कन्व्हर्जन आणि विदाऊट कन्व्हर्जन असे दोन पर्याय येतात, आणि विदाऊट निवडलं की स्क्रीन पुन्हा एकदा विचारते, नक्की का, जणू आपण काहीतरी चूक करतोय. विदाऊटच निवडायचं. मशीन पैसे देतंच.

सगळ्यात जास्त मला लागलं ते बुडापेस्टच्या अपार्टमेंटच्या डिपॉझिटचं. चेक-इनला त्यांनी ८०,००० फोरिंट डिपॉझिट म्हणून कार्डावर घेतले, मला वाटलं ब्लॉक करतात, आपल्याकडे हॉटेलवाले करतात तसं. पण त्यांनी सरळ विक्रीसारखा व्यवहार केला आणि चौथ्या दिवशी चावी दिल्यावर रिफंड केला. घेतले तेव्हा रुपयात १८,६४० झाले, त्यावर ७७० रुपये फी आणि जीएसटी. रिफंड आला १८,३२०, कारण दिवस वेगळा आणि परत येतानाचा रेटही वेगळा. आणि ते ७७० परत आलेच नाहीत. एक ग्लास फुटला नाही, एक टॉवेल हरवला नाही, सगळं स्वच्छ करून दिलं, आणि तरी १,०९० रुपये गेले. जागामालकाला काही मिळालं नाही, मला काही मिळालं नाही.

मी बँकेच्या कस्टमर केअरला फोन केला. एकवीस मिनिटं. मुलगा बोलायला चांगला होता, त्याने मला ऐकून घेतलं, मग सांगितलं की मॅडम, खरेदी आणि रिफंड हे दोन वेगळे व्यवहार धरले जातात आणि मार्कअप परत होत नाही, एमआयटीसीमध्ये दिलंय. एमआयटीसी म्हणजे मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स, प्रत्येक कार्डाबरोबर द्यावी लागते ती. मी ती उघडली. बत्तीस पानं. अकराव्या पानावरच्या तक्त्यात एक ओळ. मला वाईट याचं वाटतं की आमच्या पतसंस्थेत शेतकरी वीस हजाराचं कर्ज घेतो तेव्हा शंभर रुपये प्रोसेसिंग फी असली तरी मी ती त्याला तोंडाने सांगते, बोट ठेवून दाखवते, मग तो सही करतो. चुकून सांगायचं राहिलं तर तो दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो आणि मला उत्तर द्यावं लागतं. इथे लाखांचे व्यवहार होतात, ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करायचं बटण आपण दाबतो, त्या बटणाशेजारी एक ओळ लिहिता येत नाही का, की तुमच्या कार्डाला ४.१३ टक्के लागतील? त्या एका ओळीने माझ्यासारख्या कितीतरी जणांचे पैसे वाचतील. मी हे बँकेला लेखीसुद्धा कळवलंय.

त्या बटणावरून आठवलं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डाचा परदेशातला वापर बंदच असतो, आपण चालू करायचा. ॲपमध्ये वेगवेगळे स्विच असतात, ऑनलाईन, दुकानातलं मशीन, टॅप, एटीएम, आणि प्रत्येकाला लिमिट लावता येतं. हे घरून निघायच्या आधी करा. प्रागच्या ट्राममध्ये दाराजवळ मशीन असतं, त्यावर टॅप केलं की तिकीट, बुडापेस्टच्या विमानतळावरून येणाऱ्या शंभर-ई बसलाही तसंच, तेव्हा तिकीट २,२०० फोरिंट होतं, पण टॅपचा स्विच बंद असेल तर ड्रायव्हर थांबत नाही. एटीएमचा स्विच बंदच ठेवा. आणि ऑनलाईनचं लिमिट कमी ठेवा, कारण तिकडच्या बऱ्याच वेबसाईट ओटीपी मागतच नाहीत. मी व्हिएन्नाच्या ट्रेनची तिकिटं काढली तेव्हा फोन हातात धरून ओटीपीची वाट बघत बसले आणि तोपर्यंत तिकीट ईमेलवर आलंसुद्धा.

घरी बसून हॉटेल बुक करतानाही हाच प्रश्न येतो. साईट रुपयात किंमत दाखवते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पैसे घेणारी कंपनी सिंगापूरची किंवा नेदरलँड्सची असली की बँक तो परदेशातला रुपया-व्यवहार धरते आणि एक टक्का लावते, काही बँका जास्तही लावतात. स्टेटमेंटमध्ये कंपनीच्या नावापुढे गावाचं किंवा देशाचं नाव येतं, ते बघायची सवय लावा.

टीसीएसबद्दल, म्हणजे परदेशी खर्चाचे पैसे देतानाच आगाऊ घेतात त्या कराबद्दल, मला तीन जणांनी विचारलं म्हणून लिहिते. मे २०२३ मध्ये सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएसच्या, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या, मर्यादेत आणायची अधिसूचना काढली होती, खूप गोंधळ झाला, मग जूनच्या शेवटी ते पुढे ढकललं. त्यामुळे परदेशात जाऊन क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चाला टीसीएस लागला नाही. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड मात्र एलआरएसमध्ये येतात, तिथे आधी सात लाखांच्या वर वीस टक्के होता, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली. चौघांच्या साध्या ट्रिपला तिथपर्यंत कोणी जात नाही. गेलं तरी तो कर रिटर्न भरताना वळता होतो. मार्कअप मात्र गेला तो गेला.

यूपीआय चाललं असतं तर हे सगळं सोपं झालं असतं, पण आम्ही गेलो तिथे नव्हतं. पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीट फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने घेता येतं, भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, दुबईकडे काही दुकानांत चालतं. तिथेही पिन टाकायच्या आधी रुपयाचा आकडा दिसतो तो एकदा गुणाकार करून बघा.

मग उपाय काय केला ते सांगते. वन्संचं कार्ड झिरो फॉरेक्स मार्कअपचं आहे. अशी कार्डं आता बरीच आलीत, फेडरल बँकेबरोबरचं स्कॅपिया, आयडीएफसी फर्स्टचं वॉव जे एफडीवर मिळतं. एफडीवाल्याचा फायदा असा की ज्यांना पगाराची स्लिप नाही, निवृत्त आहेत, गृहिणी आहेत, त्यांनाही मिळतं, माझ्या आईच्या नावावरही घेता येईल. घेताना एवढंच करा, त्या दिवशीची एमआयटीसी उघडून फॉरेन करन्सीची ओळ स्वतः वाचा, कारण बँका या अटी बदलतात आणि दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून घेतलेलं कार्ड आज तसंच असेल असं नाही. आणि रिवॉर्ड पॉईंट मिळतात म्हणून साडेतीन टक्केवालं कार्ड बरं, असं कोणी सांगितलं तर पॉईंटची रुपयात किंमत काढा. माझ्या कार्डावर ती शंभराला पन्नास पैसे भरली, गेले चार रुपये तेरा पैसे. दोन कार्डं ठेवा, एक पर्समध्ये, एक लॉजवर, कारण एक अडकलं तर परक्या गावात हाल होतात. आणि डिपॉझिट घेताना विचारा, ब्लॉक की चार्ज. चार्ज म्हणाले तर नोटा द्या किंवा झिरो मार्कअपचं कार्ड द्या.

बुडापेस्टला शेवटच्या दिवशी आम्ही तिथल्या मोठ्या मार्केट हॉलमध्ये गेलो होतो, लोखंडी खांबांची उंच इमारत, खाली भाजी-मसाल्याचे गाळे, लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या, थेट आपल्या मंडईची आठवण यावी अशी. एका आजीच्या गाळ्यावर पपरिकाची कापडी पिशवी घेतली, २,४०० फोरिंट. आजींनी मशीन पुढे केलं, दोन आकडे आले. मी पर्स उघडली तर वन्संनी माझ्या हातात त्यांचंच कार्ड दिलं, म्हणाल्या, "हे वापर, घरी गेल्यावर दे मला." मी फोरिंटवर बोट ठेवलं. जूनमध्ये वन्संनी त्यांच्या स्टेटमेंटचा फोटो पाठवला, ती ओळ होती, ५५९ रुपये, आणि तिच्याखाली दुसरी कुठलीच ओळ नव्हती. ते ५५९ मी त्याच दिवशी त्यांना पाठवले.

पुढच्या महिन्यात त्यांची मुलगी व्हिएतनामला चाललीये. तिचं कार्ड मी बघितलं, साडेतीन टक्के. नवीन कार्डाचा अर्ज परवाच भरलाय, यायला दहा दिवस म्हणतात. स्टिकर मी आणून ठेवलंय.